चौथा ठोका

शेजारच्या सलूनमधल्या रेडिओवर 'जिना' लागलं तेव्हा थोरली हॉस्पिटलच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये सरकवत होती. सलूनवाल्याने मुद्दाम आवाज वाढवला. गाणं शेजारणीचं होतं, आणि शेजारीण खूश असली की सलूनचे टॉवेल वेळेवर धुऊन मिळतात, एवढा व्यवहार त्याला कळत होता. भिंतीपलीकडून त्याने हाक दिली, ताई, नवीन काढलंय वाटतं, झकास झालंय.

थोरलीने उत्तरादाखल हात वर केला आणि मग नीट कान दिला. हात तसाच वर राहिला.

आवाज धाकट्याचा होता. बेस गिटार मधल्याची असावी, पण कोणीतरी घासूनपुसून तिची सगळी कळा घालवली होती. थोरलीचे ड्रम्स मात्र नव्हतेच. त्यांच्या जागी नळ गळावा तसं काहीतरी एकसारखं टपटपत होतं. आणि शेवटच्या कडव्याआधी गाणं जिथे श्वास रोखून थांबायचं, तिथे ते थांबलंच नाही. ओळखीच्या माणसाने रस्त्यात समोरून यावं आणि मान वळवून निघून जावं, तसं ते सरळ पुढे गेलं.

करपल्याचा वास आला तेव्हा तिने बटण दाबलं. रोलरमध्ये अडकलेल्या चादरीवर तपकिरी पट्टा उमटला होता. तिच्या हातून आजवर चादर करपली नव्हती. तो डागही तिने मनातल्या मनात धाकट्याच्याच नावावर टाकला.

थोरली, मधला आणि धाकटा ही सख्खी भावंडं. घरात त्यांना याच नावांनी हाक मारत. पुढे बँडच्या पोस्टरवरही तीच छापली गेली, त्यामुळे खरी नावं आता बँक आणि दवाखाना सोडला तर कोणाच्या लक्षात नव्हती. लाँड्री वडिलांची. तिच्या मागच्या खोलीत एक अवाढव्य धुलाई मशीन होतं आणि त्याचा एक पाय फरशीत खचला होता. भिजलेल्या कपड्यांचं ओझं घेऊन ते फिरू लागलं की तीन ठोके सरळ पडत आणि चौथा रेंगाळत, लंगडत यायचा. मधेच दिशा बदलायला मशीन थांबायचं. क्षणभर सगळी खोली गप्प व्हायची, आणि मग उलट बाजूने पुन्हा तोच प्रकार.

भावंडांनी वाद्यं हातात घेतली ती याच खोलीत. दुसरी खोली नव्हती, आणि मशीन बंद ठेवायची सोय नव्हती, कारण हॉस्पिटलला चादरी पोचवायच्या म्हणजे पोचवायच्या. वाजवायचं तर खुशाल वाजवा, वडील सांगत, पण मशीनच्या बटणाला हात लागला तर हात जागेवर राहणार नाही. म्हणून पोरं मशीनला धरून वाजवायला लागली. थोरली आधी साबणाच्या रिकाम्या डब्यांवर आणि मग जुन्या बाजारातून आणलेल्या ड्रम्सवर. सोल नावाच्या अमेरिकन गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकून त्यांनी आपलं पॉप बांधलं होतं. पोटातून निघणारा गळा, त्याला उलट उत्तरं देणारे दोन ट्रम्पेट आणि बसल्या जागी पाय हलायला लावणारा ठेका. मधल्याचं लग्न झालं तेव्हा त्याची बायकोही मागे उभी राहून सूर धरू लागली. नवऱ्यापेक्षा तिला सुराची जाण जास्त होती, आणि हे ती चारचौघांत सांगत असे.

'जिना' त्यांनी पहिल्यांदा स्टुडिओत वाजवलं आणि तिथेच गंमत झाली. स्टुडिओत मशीन नव्हतं. तरीही चौथ्या ठोक्याला तिघंही थांबले, न पडणाऱ्या आवाजाची वाट पाहिली आणि एकदमच उशिरा आले. शेवटच्या कडव्याआधी तर सगळे गप्पच झाले, कारण घरी तिथे मशीन दिशा बदलत असे. रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, हे असं वाजवायला कुठे शिकलात? त्यांना प्रश्नच कळला नाही. परत ऐकवलं तेव्हा थोरलीचे कान लाल झाले. उभ्या जन्मात आपण चुकीचं वाजवत आलो, असं तिला वाटलं. पुन्हा घेऊ, सरळ वाजवते, असं ती म्हणाली.

धाकटा आडवा पडला. अक्षरशः. स्टुडिओच्या गालिच्यावर लोळण घेऊन तो म्हणाला, "ताई, हे बदललंस तर मी गाणार नाही. कोणीतरी जिना चढतंय असं वाटतंय यात. तुला ऐकू येत नाही का?"

गाणंही तेच होतं, जिन्यावरच्या पावलाची वाट बघणाऱ्या माणसाचं. बदललं नाही. आणि त्या उशिरा पडणाऱ्या ठोक्यावर लोक वेडे झाले. लग्नात, कॉलेजात, दुकानांत, जिथे तिथे 'जिना'. नाचणारे चौथ्या ठोक्याला एक पाय हवेत धरून ठेवायचे. तेवढं एकच गाणं गाजलं. बाकीची चांगली होती, पण चांगल्या गाण्यांना कोण विचारतो?

नंतर त्या गाण्याला ज्याने त्याने हात लावला. आधी कंपनीला ते गोड करून हवं होतं. ट्रम्पेटवाल्यांना निरोप दिला आणि व्हायोलिनं आणली. थोरलीने दात खाऊन वाजवलं. मग नाचायचं रीमिक्स निघालं, त्यात तिच्या ठोक्यांचे तुकडे करून हव्या त्या जागी चिकटवले होते. ऐकताना तिला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून उलटसुलट ऐकल्यासारखं झालं. तरी तिने ते सोसलं, कारण तुकडे का होईना, तिचे होते. दरम्यान वडील गेले, जुनं मशीन भंगारात गेलं आणि नवं आलं. ते मांजरीसारखं गुरगुरत फिरतं, ठोका म्हणून नाही. तो चौथा ठोका जगात आता थोरलीच्या हातात तेवढा उरला होता.

आणि आता तिथूनही तो काढला होता, तिला न विचारता.

धाकटा दोन दिवसांनी आला. कार्यक्रम असला की त्याचा पांढरा शर्ट थोरली स्वतः धुऊन कडक इस्त्री करून द्यायची. पहिल्या कार्यक्रमापासूनची पद्धत. शर्टाची पिशवी काउंटरवर ठेवून तो तिचा चेहरा वाचत उभा राहिला. चिडली की थोरली ओरडत नसे, तिच्या कामाचा वेग वाढत असे. त्या वेळी ती उशांचे अभ्रे अशा झपाट्याने घडी करत होती की मधल्याची बायको दोन पावलं लांब सरकून उभी होती.

"ताई, चिडलीस?"

"चादर करपली."

"मी गाण्याचं विचारतोय."

"मीही गाण्याचंच सांगतेय."

मग त्याने समजावायला घेतलं. पोरं आता फोनवर ऐकतात, त्यांना पहिल्या दमात पकडावं लागतं. नवा संगीत संयोजक हुशार आहे, त्याने सगळं रेषेत आणलं. कंपनीला जुनं गाणं लंगडं वाटत होतं.

थोरलीने अभ्रा आपटला. लंगडंच आहे, ती म्हणाली, आणि लंगडंच राहू दे म्हणून स्टुडिओत लोळण कोणी घेतली होती? तेव्हा मी पोरगा होतो, असं तो म्हणाला. मग आता अक्कल आली का, या प्रश्नावर त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, अक्कल आली की नाही माहीत नाही, केस गेले.

मधल्याची बायको हसली. थोरली हसली नाही, पण अभ्र्यांचा वेग थोडा उतरला. धाकट्याला बहिणीची नाडी ठाऊक होती. तो लगेच जवळ सरकला. मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे, नव्या गाण्याचा, सगळा बँड स्टेजवर हवा. "ड्रम्सवर तूच बसणार. तुझ्याशिवाय कोण बसणार?"

"माझे ड्रम्स वाजणार?"

"अगं, तू वाजवल्यावर वाजतीलच ना."

गाणाऱ्या माणसाला शब्द कुठे तोडायचा हे बरोबर कळतं. तिने शर्टाची पिशवी आत घेतली.

त्या आठवड्यात लाँड्रीचं शटर ओढल्यावर ती मागच्या खोलीत बसून वाजवायची. एकदा तिने फोनमध्ये टिकटिक लावली आणि तिच्याबरोबर सरळ वाजवून पाहिलं. न जाणो, दोन्ही जमलेलं बरं. तीन ठोके टिकटिकीवर पडले, चौथा मागे राहिला. तिने पुन्हा केलं, दात आवळून केलं. हात ऐकेना. जिना उतरताना शेवटची पायरी नसूनही पाय ती शोधतो, तसा तिचा हात दर वेळी थोडा वेळ हवेत राहायचा. फोन बंद करून ती उठली. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सभागृहात आवाजाची तपासणी होती. तिचे ड्रम्स मधोमध, चौथऱ्यावर मांडले होते, भोवती चकचकीत माइक. स्वागत चांगलं आहे, असं तिला वाटलं. मोठ्या सभागृहात पायाने मोठा ड्रम वाजवला की तो आवाज स्पीकरमधून फिरून पाठीवर थाप मारल्यासारखा परत येतो. तिने पाय दाबला. आवाज तिथल्या तिथे पडला. पुन्हा दाबला, बाकीचे सगळे वाजवून पाहिले. रिकाम्या खुर्च्यांकडून काहीच परत आलं नाही.

ती खाली उतरून साउंडवाल्याच्या टेबलाशी गेली. तिच्याच वयाचा माणूस होता. माझे माइक चालू करायचे राहिलेत का, तिने विचारलं. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, त्यांच्या वायरी माझ्यापर्यंत आलेल्याच नाहीत. माइक दिसायला लावलेत. ड्रम्स आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमधून येणार." मग तिच्या तोंडाकडे बघून तो ओशाळला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मेकअपच्या खोलीत धाकटा आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता. तिनेच इस्त्री केलेला शर्ट. मधला कोपऱ्यात गिटारच्या तारा पुसत होता. घरात भांडण पेटलं की मधल्याला बाहेर कुठेतरी काम आठवायचं, लहानपणापासून. आताही तो उठलाच होता, पण दारात थोरली उभी होती आणि तिला ओलांडून जायची त्याची छाती झाली नाही.

"मला शोकेसमध्ये बसवलंस," थोरली म्हणाली.

धाकट्याने आरशातूनच उत्तर दिलं. ट्रॅक आणि ती एकदम वाजले तर दोन्ही एकमेकांवर आदळतील, ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी पडलं. त्याने यात लबाडी काही केली नाही, सगळेच असं करतात. तिला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही, एवढंच. मग तो वळला. "बरं, एक काम करू. तू ट्रॅकबरोबर सरळ वाजव. आत्ता वायरी जोडायला लावतो. वाजवशील सरळ?"

"नाही."

"नाही, की येत नाही?"

मधल्याने मान वर केली. थोरलीच्या मनात आलं, की समोरची ती पावडरची डबी उचलून याच्या टकलावर मारावी. राग प्रश्नाचा होता, आणि प्रश्न खरा होता याचा त्याहून जास्त. फोनच्या टिकटिकीपुढे हरलेला हात तिच्याच खांद्याला होता. आणि हा, ज्याला याच हातांनी अंघोळी घातल्या, तो नेमक्या त्या जागी बोट ठेवत होता.

"तुला तरी येतं का ते बघू," एवढंच म्हणून ती निघून गेली.

संध्याकाळी सभागृह भरलं. नवी पोरं पुढे उभी होती, जुने ऐकणारे मागे खुर्च्यांवर. धाकट्याच्या कानात छोटे स्पीकर होते, त्यातून त्याला ट्रॅक ऐकू येणार होता. पहिली काही गाणी थोरलीने हलक्या हाताने काढली, शोकेसमधल्या बाहुलीने वाजवावीत तशी. मग दिवे निळे झाले, 'जिना'चे पहिले सूर आले आणि पोरांनी कल्ला केला.

थोरलीने काड्या हातात फिरवून जाड टोक पुढे केलं आणि वाजवायला सुरुवात केली. माइक नसला म्हणून ड्रम मुका होत नाही. चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीत तो घुसतोच. तीन सरळ, चौथा उशिरा. ती पूर्वी कधी वाजवत नव्हती इतक्या जोरात वाजवत होती. समोरच्या त्या पांढऱ्या पाठीवर तिचा डोळा होता आणि कडक इस्त्रीच्या घडीवर नेम धरून ती प्रत्येक चौथा ठोका मारत होती.

पहिलं कडवं त्याने ट्रॅकबरोबर निभावलं. दुसऱ्या कडव्यात त्याचा खांदा चौथ्या ठोक्याला अडखळायला लागला. त्याने कानातला स्पीकर बोटाने आत दाबला. आणि त्याच वेळी सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून एक विचित्र गोष्ट ऐकू आली. बेस गिटार मागे राहिली. मधल्याची वायर जोडलेली होती. आयुष्यात कोणाची बाजू न घेतलेला तो माणूस, खाली मान घालून, चौथा सूर बहिणीबरोबर उशिरा टाकत होता. त्याची बायको क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तीही सूर लांबवू लागली.

आता गाण्याची दोन गाणी झाली. ट्रॅक आपल्या वाटेने, घरची माणसं आपल्या. पुढची पोरं नाचता नाचता गोंधळली. मागे खुर्च्यांवर कोणीतरी शिट्टी मारली. संगीत संयोजक साउंडवाल्याच्या कानाशी लागला आणि बेसचा आवाज खाली गेला. ट्रॅक वर आला, आणि धाकटा पुन्हा सरळ झाला. वाचला, असं त्याला वाटलं असावं.

मग शेवटच्या कडव्याआधीची जागा आली. नव्या गाण्यात तिथे थांबा नव्हता, तिथून त्याने थेट पुढची ओळ घ्यायची होती. धाकट्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. थोरलीचे हात थांबले होते. मधला थांबला होता. ट्रॅक टपटपत पुढे गेला, आणि भरल्या सभागृहासमोर, कानात ट्रॅक ओरडत असताना, धाकटा भंगारात गेलेल्या मशीनने दिशा बदलायची वाट पाहत उभा राहिला.

तो वळला. डोळ्यांत नुसता जाळ होता. तिच्याही होता. त्या नजरेला नजर देत तिने ठोका मारला, आणि तो गायला.

पण ट्रॅक तोवर लांब गेला होता. ज्या गाण्यात थांबा नाही ते आधी संपणारच. ते झोकात संपलं. दिवे ट्रॅकला बांधलेले, ते विझले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आणि अंधारात, त्या टाळ्यांखाली, तिघं भावंडं उरलेली ओळ पुरी करत राहिली, कारण मधेच सोडायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ती ओळ फार तर पहिल्या रांगेने ऐकली असेल.

मेकअपच्या खोलीत धाकट्याने कानातले स्पीकर टेबलावर फेकले.

"मुद्दाम केलंस."

"हो. मुद्दाम."

"एवढ्या लोकांसमोर. आणि तू, मधल्या? तू पण?"

मधला म्हणाला की त्याला दुसरं काही वाजवताच येईना, आणि गिटार पेटीत ठेवायला लागला. धाकटा पुन्हा बहिणीकडे वळला. तिने त्याचं गाणं बुडवलं, त्याच्या तोंडाला काळं फासलं, तिचं दुकान चालावं म्हणून त्याने उरलेला जन्म त्याच खचलेल्या फरशीवर उभं राहायचं का? तो बरंच बोलला, आणि त्यातलं काही खरंही होतं.

थोरलीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी बुडवलं म्हणतोस. थांबायला कोणी सांगितलं होतं? कानात ट्रॅक होता ना तुझ्या?"

पुढच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमवाला घेईन, एवढं तो म्हणाला. घे, ती म्हणाली. मांडणीतला आपला लहान ड्रम सोडवून तिने काखेला मारला आणि ती घरी गेली.

सलूनमध्ये नवं 'जिना' लागत राहिलं. गाणं चांगलं चाललं होतं, कोणाचं काही अडलं नव्हतं. पहिल्यांदा सलूनवाल्याने तिला बघून आवाज कमी केला, तेव्हा तिने दारात जाऊन सांगितलं, असू दे, तुझ्या रेडिओशी माझं भांडण नाही. आणि परत येऊन टॉवेल अशा वेगाने घडी केले की मधल्याची बायको म्हणाली, "वन्सं, टॉवेलांशी तरी कुठे आहे?"

धाकटा एका सकाळी आला. पुढचा कार्यक्रम जवळ आला होता. काउंटरवर त्याने तीच पिशवी ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलला. दुसरा ड्रमवाला तालमीला येऊन गेला होता, म्हणाला. चांगला आहे, रेषेत वाजवतो. मग बोटाने काउंटरवर ठोकत राहिला. तीन सरळ आणि चौथा उशिरा. त्याच्या ते ध्यानात नव्हतं. थोरलीच्या होतं.

"तुझे माइक जोडायला सांगतो," शेवटी तो म्हणाला. "येशील?"

"आणि ट्रॅक?"

"ट्रॅक राहील, ताई. आता त्याशिवाय जमणार नाही. तू हळू वाजव, दोन्ही ऐकू येईल असं करू."

थोरलीने पिशवी उघडली. शर्टाच्या कॉलरवर मेकअपचा पिवळा थर बसला होता. तो साध्या साबणाने निघत नाही, हाताने चोळावा लागतो, हे तिच्याशिवाय शहरात कोणत्या लाँड्रीला सांगून कळणार नव्हतं. तिने शर्ट हातात धरला, कॉलर अंगठ्याने एकदा चाचपली, पुन्हा घडी घातली आणि पिशवी त्याच्याकडे सरकवली.

"दुसरीकडे टाक."

त्याला वाटलं ती गंमत करतेय. मग वाटलं नाही. पिशवी उचलून तो पायऱ्या उतरला. मागच्या खोलीत मधला पाण्याचा नळ तपासत होता, नळाला काही झालं नसताना. थोरलीने हॉस्पिटलच्या चादरींची टोपली ओढली, रोलरचं बटण दाबलं आणि पहिल्या चादरीची कड त्यात सरकवली.